गुन्ह्याची क्रूरता हा गुन्हेगाराचा पुरावा नव्हे

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील सहा जणांना खून, दरोडा आणि बलात्काराच्या आरोपांतून निर्दोष मुक्त केले. हे सहाही जण भटक्या जमातीतील गरीब मजूर. त्यांनी सोळा वर्षे तुरुंगात काढली होती आणि त्यांपैकी बहुतेक काळ फाशीच्या छायेत गेला होता. ज्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, त्याच न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी त्या सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली होती. दहा वर्षांच्या अंतराने एकाच न्यायालयाने, एकाच घटनेविषयी, त्याच सहा माणसांबाबत दोन टोकांचे निर्णय दिले. यातील पहिला निर्णय अमलात आला असता, तर दुसऱ्या निर्णयाचा उपयोग सहा थडग्यांवर वाहण्यापुरताच उरला असता.

या निकालाचे वृत्तपत्रांनी स्वागत केले. "उशिरा का होईना, न्याय झाला," असा सूर सर्वत्र उमटला आणि विषय संपला. वस्तुतः विषय तेथून सुरू व्हावयास हवा होता. सहा निरपराध माणसे फाशीच्या दोरापर्यंत पोहोचतात कशी, आणि ती नेमकी भटक्या जमातीतीलच का असतात, या प्रश्नांना बगल देऊन 'न्यायव्यवस्थेवरील विश्वास दृढ झाला' असे म्हणणे ही निव्वळ आत्मवंचना आहे.

प्रकरणाची हकिगत

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर दरोडा पडला. झोपडीतील पाच जणांची हत्या झाली. स्त्रियांवर बलात्कार झाला. मृतांत एक अल्पवयीन मुलगीही होती. घरातील एक स्त्री आणि तिचा मुलगा गंभीर जखमी अवस्थेत वाचले. हा गुन्हा अत्यंत अमानुष होता याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. ज्यांच्यावर तो कोसळला तेही कष्टकरीच होते, ही गोष्ट पुढील विवेचनात क्षणभरही नजरेआड होता कामा नये.

घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून रोजी, बचावलेल्या त्या स्त्रीला पोलिसांनी आपल्या संग्रहातील गुन्हेगारांची छायाचित्रे दाखविली. तिने त्यांतून चार जणांना ओळखले. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे तशी नोंदही झाली. हे चार जण म्हणजे पुढे ज्यांना फाशी झाली त्या सहांपैकी कोणी नव्हेत. ती सर्वस्वी वेगळी माणसे होती. घटनेच्या अगदी निकट, स्मृती ताजी असताना, प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने दिलेला हा निर्देश तपासाचा पाया ठरावयास हवा होता. प्रत्यक्षात त्या चौघांच्या दिशेने तपास झालाच नाही. जूनच्या अखेरीपासून या सहा मजुरांना अटक झाली, ओळखपरेड झाली आणि त्या परेडीत त्याच स्त्रीने या सहांना ओळखल्याचे नोंदविले गेले. आधी चौघांना ओळखल्याची नोंद मात्र सरकार पक्षाने खटल्यात दडवून ठेवली.

१२ जून २००६ रोजी नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २२ मार्च २००७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून उरलेल्या तिघांना जन्मठेप दिली. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची अपिले फेटाळली, राज्य सरकारचे अपील मान्य केले आणि त्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या रांगेत उभे केले. त्यांपैकी एक जण घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, हे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. म्हणजे ज्याला बालगुन्हेगार म्हणूनही शिक्षा देताना कायद्याने हात राखावयास सांगितले आहे, त्याला तीन पायऱ्यांवरील न्यायाधीशांनी वय न पाहता दोषी धरले आणि देशातील सर्वोच्च न्यायपीठाने फाशीस पात्र ठरविले. अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये फेरविचार याचिकांवर न्यायालयाने आपला २००९ चा निर्णय मागे घेतला, अपिले नव्याने ऐकली, आणि न्यायमूर्ती सिक्री, न्यायमूर्ती नझीर व न्यायमूर्ती शाह यांच्या पीठाने सर्वांची मुक्तता केली.

चूक नव्हे, पद्धत

एखादी चूक झाली आणि ती दुरुस्त झाली, एवढाच या प्रकरणाचा अर्थ लावणारे बहुधा तपासयंत्रणेची रोजची रीत पाहत नाहीत. दरोडा आणि खून झाला की वृत्तपत्रे मथळे देतात, लोकप्रतिनिधी मोर्चे काढतात, मंत्री 'आठ दिवसांत आरोपी जेरबंद करू' असे आश्वासन देतात. वरिष्ठ अधिकारी हा ताण ठाणेदाराच्या माथी मारतो. गुन्हा उघडकीस आला की नाही, एवढेच त्याच्या कामाचे माप. उघडकीस 'आला' म्हणजे खरा आरोपी सापडला, असे मात्र नव्हे; कोणी तरी आरोपी सापडला, एवढेच पुरते. अशा वेळी जो माणूस पकडल्यास कोणाचा फोन येणार नाही, ज्याच्यासाठी वकील ठाण्यात धावणार नाही, ज्याच्या वस्तीतील लोक त्याच्या अटकेचा जाब विचारणार नाहीत, तो माणूस सर्वात स्वस्त पडतो. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर तपासयंत्रणा कमीत कमी प्रतिकाराचा बाजार शोधते, आणि तो तिला पालावर, तांड्यावर, झोपडपट्टीत मिळतो.

या स्वस्ताईला इतिहासाची जोड आहे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्मानेच माणसाला गुन्हेगार ठरविण्याची तजवीज केली. हजेरी, परवाने, काटेरी तारेच्या वसाहती यांचा तो काळ महाराष्ट्राला अपरिचित नाही; सोलापूरच्या सेटलमेंटच्या आठवणी अजून विरलेल्या नाहीत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. परंतु राज्याराज्यांतून सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे त्याच्या जागी आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. कायद्याच्या पुस्तकातून जात वगळली गेली, ठाण्यातील नोंदवहीत ती शिल्लक राहिली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने मराठी मध्यमवर्गाने वाचली, गौरविली, त्यांना पारितोषिके दिली. पण ज्या पोलीस ठाण्याचे वर्णन त्यांत आहे, त्याच्या कारभारात हात घालण्याची वेळ आली तेव्हा हा वाचकवर्ग पुस्तक मिटून बाजूला झाला.

हा पूर्वग्रह केवळ पोलिसांचा आहे असेही मानण्याचे कारण नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षुकांना जमावाने ठेचून मारले. जमाव ज्या नजरेने भटक्याकडे पाहतो, त्याच नजरेने गणवेशातील माणूसही पाहतो, कारण तो त्याच गावातून आलेला असतो. फरक इतकाच की जमावाच्या संशयाला काठी लागते आणि पोलिसांच्या संशयाला पंचनामा पुरतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या निकालपत्रात हे स्पष्टपणे मान्य केले. आरोपी भटक्या जमातीतील, समाजाच्या तळच्या थरातील गरीब मजूर आहेत आणि म्हणून त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असा त्या निरीक्षणाचा आशय आहे. २०२४ साली त्याच न्यायालयाने आणखी दोनदा हा विषय हाताळला. मे महिन्यात पोलिसांच्या गुन्हेगारी नोंदपत्रकांत मागास व उपेक्षित समाजातील माणसांची नावे केवळ पूर्वग्रहापोटी चढविली जातात याची दखल घेऊन सर्व राज्यांना सावध केले. ऑक्टोबर महिन्यात तुरुंगातील जातिभेदाविषयीच्या निकालात विमुक्त जमातींतील लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला १९५२ नंतर बहात्तर वर्षांनी असे बजवावे लागते, यातच विमुक्तीचा पुरेसा हिशेब आहे.

न्यायालये कोठे चुकली

पोलिसांनी पुरावा दडविला हे खरे. पण तीन न्यायालयांपुढे जो पुरावा होता तोही कसाला लावला गेला नाही. जखमी साक्षीदाराच्या शब्दावर न्यायालये विसंबली. ती साक्षीदार खोटे बोलली असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. जिच्या डोळ्यांदेखत कुटुंब संपले, त्या स्त्रीपुढे पोलिसांनी माणसे उभी केली आणि 'हेच ते' हा विश्वास तिच्या मनात रुजला असेल, तर तो दोष तिचा नव्हे. रात्रीची वेळ, जीवघेणा मार, अनोळखी चेहरे आणि आठवड्यांचे अंतर यांतून स्मृती कशी वळते, याची जाण न्यायाधीशांना असावयास हवी. म्हणूनच तर ओळखपरेडीचे नियम आहेत.

खरे कारण निराळे आहे. गुन्ह्याची क्रूरता पाहून न्यायाधीशाचे मन हादरते आणि 'हे कोणी केले' हा प्रश्न 'हे किती भयंकर आहे' या प्रश्नात बुडून जातो. निकालपत्रातील पानेच्या पाने गुन्ह्याच्या वर्णनाने भरतात. आरोपी तोच कशावरून, याला चार ओळी मिळतात. वास्तविक गुन्हा जितका भयंकर, तितकी पुराव्याची छाननी कठोर हवी, कारण चुकीची किंमतही तितकीच भयंकर असते. व्यवहारात नेमके उलट घडते. गुन्ह्याची क्रूरता हीच जणू आरोपीविरुद्धची साक्ष बनते.

शिक्षा ठरवितानाही हेच झाले. आरोपीची परिस्थिती न पाहता केवळ गुन्ह्याचे स्वरूप पाहून फाशी द्यावी, असे १९९६ च्या एका निर्णयात म्हटले गेले. तो निर्णय १९८० च्या घटनापीठाच्या निकालाशी विसंगत होता, असे खुद्द सर्वोच्च न्यायालयाने मे २००९ मध्ये मान्य केले. म्हणजे या सहा जणांना फाशी सुनावल्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी. पुढे २०१२ साली चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्यांचे प्राण वाचवावेत, अशी विनंती केली. निवृत्त न्यायमूर्तींना राष्ट्रपतींच्या दारात जावे लागावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाचे आकडे या संदर्भात कार्यकर्त्यांनी ध्यानी ठेवण्यासारखे आहेत. फाशीची शिक्षा झालेल्या ज्या कैद्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, त्यांतील सुमारे ७४ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. खालच्या न्यायालयांनी फाशी सुनावलेल्या आणि वरच्या न्यायालयांत निकाली निघालेल्या प्रकरणांत अखेरपर्यंत फाशी टिकली ती जेमतेम ५ टक्के कैद्यांची. सुमारे ३० टक्के कैदी निर्दोष सुटले. ज्या कारखान्याचा तीसपैकी नऊ माल सदोष निघतो, त्या कारखान्याला टाळे लागते. येथे तर माल म्हणजे माणसांचे प्राण आहेत.

'गोळ्या घाला' म्हणणाऱ्यांना

या निकालानंतर नऊच महिन्यांनी, ६ डिसेंबर २०१९ रोजी, हैदराबादजवळ बलात्कार व खुनाच्या संशयावरून पकडलेल्या चौघांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. महाराष्ट्रातही 'असेच व्हावयास हवे' म्हणणाऱ्यांची उणीव नव्हती. न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या चौकशी आयोगाने २०२२ मध्ये निष्कर्ष काढला की गोळीबार जाणूनबुजून केला गेला, मृतांपैकी तिघे अल्पवयीन होते आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला, तेव्हा पुन्हा तोच जल्लोष झाला. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांची स्वसंरक्षणाची हकिगत संशयास्पद ठरविली.

अशा जल्लोषात सामील होणाऱ्यांना एकच प्रश्न विचारला पाहिजे. जून २००३ मध्ये नाशिकच्या पोलिसांनी या सहा मजुरांना 'चकमकीत' मारले असते, तर त्यांच्यावरही फुले उधळली गेली असती की नाही? निश्चितच उधळली गेली असती. सहा निरपराध माणसे 'नराधम' म्हणून जाळली गेली असती आणि छायाचित्रांतून ओळखलेल्या त्या चौघांचा विषय कोणालाही कधी कळला नसता. खटला हा आरोपीचा लाड नव्हे. समाजाने स्वतःच्या क्रोधापासून स्वतःला वाचविण्यासाठी उभारलेले ते कुंपण आहे.

"मग गुन्हेगार मोकाट सोडावयाचे काय?" असा प्रतिप्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर याच प्रकरणात आहे. गुन्हेगार मोकाट सुटले ते आरोपींच्या हक्कांमुळे नव्हे, तर पोलिसांच्या पूर्वग्रहामुळे. सहा मजुरांना पकडल्याच्या क्षणी खऱ्या खुन्यांचा शोध थांबला. छायाचित्रांतून ओळखलेले चौघे दोषी होते असेही कोणी म्हणू शकत नाही, कारण ते तपासलेच गेले नाही. निरपराधाला गोवणे आणि अपराध्याला सोडणे ही दोन वेगळी पापे नाहीत. एकाच कृतीच्या त्या दोन बाजू आहेत. पोलिसी जुलमाविरुद्ध बोलणारे पीडितांच्या बाजूचे नाहीत, हा आरोप म्हणूनच बिनबुडाचा ठरतो. या पीडित कुटुंबाचा विश्वासघात केला तो तपासयंत्रणेनेच.

भरपाई आणि जबाबदारी

सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सोळा वर्षांचे दिवस होतात सुमारे ५,८४०. म्हणजे दिवसाला सुमारे ८६ रुपये. २०१९ साली महाराष्ट्रात रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या मजुराला दिवसाला दोनशेहून अधिक रुपये मजुरी होती. राज्याने ज्याचे तारुण्य, कुटुंब आणि मनःशांती घेतली, त्याला खडी फोडण्याच्या निम्म्याहून कमी दर. निरपराधांना चुकीच्या खटल्याबद्दल हक्काने भरपाई मिळावी यासाठी कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्येच आपल्या २७७ व्या अहवालात केली होती. अशा कायद्याअभावी भरपाई हा न्यायाधीशाच्या करुणेचा विषय राहतो, नागरिकाच्या हक्काचा होत नाही.

न्यायालयाने आणखी एक आदेश दिला: दोषी तपास अधिकारी कोण ते शोधून तीन महिन्यांत त्यांच्यावर खातेनिहाय कारवाई करावी; अर्थात ते अद्याप नोकरीत असतील तर. या 'तर'मध्ये सर्व काही आले. सोळा वर्षे हा अधिकाऱ्याला बढत्या घेऊन सन्मानाने निवृत्त होण्यास पुरेसा अवधी आहे. पुरावा दडवून सहा माणसांना फाशीपर्यंत नेणे हा शिस्तभंग नव्हे, तो फौजदारी गुन्हा आहे. आणि गुन्ह्याला सेवानिवृत्तीची सवलत नसते.

करावयाचे काय

तपास आणि बंदोबस्त यांसाठी स्वतंत्र पोलीस असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये सांगितले. सरकार पक्षाने ज्या जबाबांवर व कागदांवर भिस्त ठेवली नाही, त्यांचीही यादी आरोपीला द्यावी, असे २०२१ मध्ये सांगितले आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावले. हा एक नियम २००६ साली नाशिकच्या न्यायालयात पाळला गेला असता, तर चौघांच्या ओळखीची नोंद बचावाच्या हाती पडली असती आणि खटल्याचे चित्र पालटले असते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण आणि गंभीर गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांची घटनास्थळी भेट आवश्यक केली, ते स्वागतार्हच आहे. पण त्याच संहितेने पोलीस कोठडीचे पंधरा दिवस चाळीस वा साठ दिवसांच्या काळात तुकड्यातुकड्याने मागण्याची मुभाही दिली. एका हाताने कॅमेरा देऊन दुसऱ्या हाताने कोठडीची किल्ली सैल सोडण्याचा हा प्रकार आहे.

कायदे आहेत, निकाल आहेत, आयोगांचे अहवालही आहेत. उणीव आहे ती ते ठाण्याच्या पायरीपर्यंत नेणाऱ्या माणसांची. तेथे पुरोगामी चळवळीचे काम सुरू होते. पालावर अटक झाली की त्या रात्रीच ठाण्यात जाऊन अटकेची नोंद, वेळ आणि कारण विचारणे. चोवीस तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले की नाही ते पाहणे. मोफत विधी साहाय्याचा अर्ज भरून घेणे. वयाचा दाखला शाळेतून मिळविणे. ओळखपरेडीआधी आरोपीचे छायाचित्र वृत्तपत्रात छापले गेले तर त्याचे कात्रण जपून ठेवणे. ही कामे भाषणांइतकी झगमगीत नाहीत. पण ज्या तरुणाचे वय वेळीच सिद्ध झाले असते, त्याला फाशीची शिक्षा ऐकावी लागली नसती. एका शाळेच्या दाखल्याचे मोल एवढे असू शकते.

त्याहून अवघड काम वेगळे आहे. गावात गुन्हा घडून लोक खवळलेले असतात, मोर्चाच्या अग्रभागी आपल्याच पक्षाचा झेंडा असतो, आणि 'आरोपीला आमच्या ताब्यात द्या' अशी घोषणा होते. त्या क्षणी 'पकडलेला माणूस तोच कशावरून?' असे विचारावयास धैर्य लागते. त्याने मते जातात, मित्र दुरावतात. परंतु जो पक्ष तळच्या माणसाचे नाव घेऊन उभा आहे, त्याने हा प्रश्न विचारावयाचा नाही, तर विचारावयाचा कोणी?

नाशिकजवळच्या त्या झोपडीत पाच माणसे मारली गेली, त्याला दोन दशके उलटून गेली. सहा निरपराधांची सोळा वर्षे त्या खुनांच्या खात्यावर जमा झाली आणि खून तसेच राहिले. त्या पाच जणांचे मारेकरी कोण, याचे उत्तर देणे महाराष्ट्र सरकारवर बंधनकारक आहे, आणि ते मागत राहणे हे प्रत्येक समाजवादी कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.